नांगर, शेणखत, सीडबॉल आणि 'एका पावसाळ्यात कुरण'

मे महिना लागला की हा मेसेज फिरायला लागतो, आणि यंदा तर आमच्या सोसायटीच्या, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींच्या आणि मामाच्या गावच्या अशा तिन्ही ग्रुपवर तो एकाच आठवड्यात येऊन पडला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. "सोलापूरच्या आजूबाजूचे माळ म्हणजे हजारो एकर पडीक, ओसाड जमीन. गवत आणि रानफुलं काय, कुठंही उगवतात. एकदा खोल नांगरट करा, एकरी दोन ट्रॉली शेणखत टाका, पहिल्या पावसाआधी सीडबॉल (बिया घातलेले मातीचे गोळे) फेका, कम्पाउंड मारून जनावरं कायमची बंद करा, मधे-कडेनं भरपूर झाडं लावा. एका पावसाळ्यात रानफुलांचं कुरण तयार!" खाली केशरी-पिवळ्या फुलांनी भरलेल्या रानाचा फोटो, त्याखाली हात जोडलेले आणि टाळ्या.

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नाही हे मला माहितीये, त्यातले निम्मे लोक माझ्या ओळखीचे आहेत आणि रविवारी पहाटे उठून झाडांना पाणी घालणारे आहेत. पण हा मेसेज वाचून कुणी खरंच ट्रॅक्टर घेऊन माळावर गेलं तर जे नुकसान होईल ते आपल्या हयातीत भरून येणार नाही, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहायला बसले. मार्डीच्या बाजूला मामाचं रान आहे, त्यातली दोन एकर पड आम्ही गेले चार पावसाळे माळासारखी करायचा प्रयत्न करतोय, त्यामुळे काय उगवतं, काय अजिबात उगवत नाही हे वाकून वाकून बघितलंय. बाकीचं वाचून आणि माहीतगार लोकांना विचारून.

आधी त्या फोटोबद्दल. त्यातली फुलं कॉसमॉसची आहेत. कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा, बागेतून निसटून रस्त्याकडेला पसरतो, दिसायला सुंदर आहे, पण तो सोलापूरचा नाही आणि त्या फोटोत माळावरचं एकही गवत दिसत नाही. म्हणजे जे कुरण दाखवून आपल्याला बोलावलं जातंय ते मुळात आपलं कुरणच नाहीये.

"माळ म्हणजे पडीक, ओसाड जमीन"

हे मला सगळ्यात जास्त लागतं. मार्च ते मे बघाल तर माळ मेल्यासारखाच दिसतो, पिवळा पडलेला, मधे मधे मुरूम उघडा, कुठं एखादी बोराटी नाहीतर तरवड. पण आपल्याकडं पाऊस किती? जिल्ह्यात साडेपाचशे ते साडेसातशे मिलिमीटरच्या मधे कुठंतरी, तोही जूनमधे चार सरी, मग जुलै-ऑगस्टमधे मोठा खंड आणि खरा जोर सप्टेंबरात, म्हणून तर आपला जिल्हा रब्बीचा. वर वितभर माती आणि खाली बेसॉल्टचा मुरूम. अशा ठिकाणी निसर्ग जे उभं करतो ते गवतच, घनदाट जंगल नाही. पवन्या, मारवेल, कुसळी, डोंगरी, अंजन ही गवतं आठ महिने जमिनीखाली दम धरून बसतात आणि चार महिन्यांत सगळा संसार उरकतात.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा नान्नजच्या बाजूला, म्हणजे माळढोक अभयारण्याकडं, जाऊन बघा, गाडीतून नाही, खाली उतरून, गुडघ्यावर बसून. गवताच्या बुडाशी निळी विष्णुक्रांता असते, नखाएवढी. भुईला चिकटलेली गोधडी, उन्हाळी, तुंबा. खडकाच्या कपारीत माकडशिंगी, जिला फूल नसलं तर कुणी ओळखणार पण नाही. भुईगेंद तर भुईतून चेंडू वर आल्यासारखा दिसतो. एका हातरुमालाएवढ्या जागेत सात-आठ प्रकारची झाडं मी मोजलीत. याला ओसाड कुठल्या हिशोबानं म्हणायचं? सरकारी नकाशात सुद्धा अशा कितीतरी जमिनी 'वेस्टलँड' म्हणून रंगवलेल्या असतात, आणि तो शब्द एकदा कागदावर चढला की मग सोलर, एमआयडीसी, वृक्षलागवड, काहीही आणून टाकायला कुणाला काही वाटत नाही.

काही जण म्हणतात की इथं पूर्वी जंगल होतं, ते तोडलं म्हणून माळ झाला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी अलीकडे तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा-ओव्यांमधले झाडाझुडपांचे उल्लेख शोधून तपासले, तर त्यात बाभूळ, तरवड अशी उघड्या, उन्हाच्या माळरानात राहणारी झाडंच ठळकपणे सापडली. साडेसातशे वर्षांपूर्वी पण दख्खनचा हा पट्टा माळच होता. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते याच माळासाठी, आणि काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल हे सगळे उघड्या गवतावर जगणारे जीव आहेत, झाडीत नाही.

"एकदा खोल नांगरट करा"

माझं सगळं लिहिणं वाचायला वेळ नसेल तर एवढा एक मुद्दा वाचा.

माळावरच्या झाडांचा खरा जीव जमिनीखाली असतो. पवन्याचा एक ठोंब घ्या, वर दिसतं ते दरवर्षी वाळतं, जळतं, जनावर खातं, पण खाली जो गड्डा आणि मुळांचं जाळं आहे ते कितीतरी वर्षांचं असतं. रानकांदा, भुईचक्र असल्या कंदवाल्यांचं पण तसंच, वर्षातले बरेच महिने ते कुणाला दिसत नाहीत, पाऊस पडला की वर येतात, पान, फूल, बी उरकून परत खाली. पलटी नांगर घालून एक फूट खोल माती उलटली की हे सगळं उन्हात येऊन वाळतं. वरची पातळ माती खाली जाते, खालचा मुरूम वर येतो. आणि यातल्या बऱ्याच झाडांचं बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकून राहत नाही, त्यामुळे परत उगवायला मागे फारसं काही शिल्लक राहत नाही. शिल्लक काय राहतं तर गाजरगवताचं बी आणि तो पिवळ्या फुलाचा परदेशी तरोटा, जो आता सोलापूरच्या प्रत्येक रस्त्याच्या कडेला झालाय. त्यांना उलटलेली माती म्हणजे पंगतीचं आमंत्रण.

बरं हे फक्त माझं म्हणणं नाही. याच नेर्लेकरांनी आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२० साली सहा खंडांमधले ३१ अभ्यास एकत्र करून बघितले. प्रश्न साधा होता, जुनं गवताळ रान एकदा शेतीनं किंवा झाडांच्या लागवडीनं मोडलं आणि मग तिथं परत गवत आलं तर पूर्वीइतक्या प्रकारची झाडं परत येतात का? उत्तर असं की नव्यानं आलेल्या गवतरानात सरासरी ३७ टक्के कमी प्रजाती असतात, आणि पूर्वीची संख्या गाठायला कमीत कमी शंभर वर्षं, बहुतेक वेळा त्याहून खूप जास्त, त्यांच्या गणितानं सरासरी १,४०० वर्षं लागतात. आणि जी तरुण कुरणं असतात, तीस वर्षांच्या आतली, त्यात मुख्यतः तणासारखी कुठंही वाढणारी झाडं असतात, लांब आयुष्याची, मुळात ताकद ठेवणारी झाडं शेवटपर्यंत मागे राहतात.

हे वाचून मी एक दिवस गप्पच होते. कारण मग आम्ही मामाच्या रानात जे करतोय त्याला अर्थ काय? त्याबद्दल शेवटी लिहिते. पण एक गोष्ट यातून सरळ निघते, की जो माळ अजून मोडलेला नाही त्याला नांगर लावणं हे कुठल्याही हेतूनं चूक आहे, अगदी कुरण करायच्या हेतूनं पण. जे रान आधीच शेतीत जाऊन पड राहिलंय तिथं काय करायचं ते करा, पण माळावर नाही. आमच्या गावात जुनी माणसं ढेकूळ फोडून बघून सांगतात की हे रान कधी नांगराखाली होतं का नाही. मेसेज पाठवणाऱ्यांनी आधी एखाद्या धनगर आजोबांना तेवढं विचारलं तरी पुष्कळ वाचेल.

"एकरी दोन ट्रॉली शेणखत"

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे पटवणं सगळ्यात अवघड, मला पण पटलं नव्हतं. खत घातलं की चांगलं येतं हे आपल्या रक्तात आहे. पण ते पिकाला. पीक म्हणजे एकच झाड, त्याला जोर द्यायचा आणि बाकीचं खुरपून काढायचं. रानफुलांच्या कुरणात तर पन्नास प्रकारची झाडं शेजारी शेजारी नांदवायची असतात, तिथं जोर दिला की जो दोन-चार जण झपाट्यानं वाढणारे असतात ते उंच होतात, सावली करतात, आणि बुडाशी असलेली विष्णुक्रांता, गोधडी गुदमरून जातात.

इंग्लंडमधे रोथमस्टेडला एक गवताचं रान आहे, तिथं १८५६ पासून आजपर्यंत वेगवेगळ्या पट्ट्यांना वेगवेगळी खतं घालून बघतायत, जगातला सगळ्यात जुना असा प्रयोग. ज्या पट्ट्याला काहीच घातलं नाही तिथं चाळीसच्या आसपास प्रजाती, आणि जिथं अमोनियाचं खत भरपूर घातलं आणि माती आंबट होत गेली तिथं दोन-तीन गवतं उरली, बाकी सगळं गेलं. गवताचं वजन मात्र वाढलं. म्हणजे वजनावर मोजलं तर पास, आणि फुलांवर मोजलं तर नापास. तिकडची कुरणं खतानं आणि नांगरानं इतकी गेली की १९३० च्या दशकापासून त्यांची ९७ टक्के फुलांची कुरणं संपली, आणि आता परत आणायला बसलेत तर पहिली अडचण हीच की जमीन फार सुपीक झालीये, कुठं कुठं तर वरची माती खरवडून काढतात.

त्यांची एक युक्ती सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्या ज्वारीवाल्यांना लगेच कळेल. तिकडे एक पिवळ्या फुलाचं रोपटं असतं, यलो रॅटल म्हणतात, ते गवताच्या मुळाला मुळं जोडून त्याचं अन्न चोरतं. त्यामुळे दांडगं गवत जरा मऊ पडतं आणि मधल्या मोकळ्या जागेत फुलांना वाव मिळतो, म्हणून ते मुद्दाम पेरतात. आता आपल्याकडं ज्वारीच्या मुळावर बसणारा टारफुला कुणाला माहीत नाही? शेतात तो शत्रू, पण माळावर त्याचे भाऊबंद असतात, ते गवताच्या मुळावर अर्धं पोट भरतात, आणि तिथं अशी झाडं असणं काही वाईट नाही. मामाला हे सांगितलं तर तो बराच वेळ बघत राहिला, म्हणाला "टारफुला चांगला म्हणणारी तू पहिलीच भेटलीस."

आम्ही केलेली चूक पण सांगते. पहिल्या वर्षी अर्ध्या एकरात शेणखत टाकलं, बाकी दीड एकर तसंच. ऑगस्टमधे त्या अर्ध्या एकरात गाजरगवत आणि तो परदेशी तरोटा कमरेएवढा, आम्ही चौघांनी तीन रविवार उपटून काढलं आणि पुढच्या वर्षी परत तेवढंच. आज चौथ्या वर्षी पण तो तुकडा लांबून वेगळा ओळखू येतो. ज्यांच्या रानात आधी ऊस होता आणि वर्षानुवर्षं युरिया-डीएपी गेलंय त्यांना तर काहीच न घालता पण हा त्रास होणार, त्यांनी आधी दोन वर्षं खत न घालता ज्वारी किंवा कडवळ घेऊन, कापून बाहेर काढून जमिनीचा जोर उतरवावा.

"पहिल्या पावसाआधी सीडबॉल फेका"

मुलांना माती कालवायला मजा येते, फोटो छान येतात, शाळेत एक दिवस चांगला जातो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गवत आणि रानफुलांसाठी हा मार्ग का चालत नाही ते बघू.

गवताचं बी हलकं असतं, त्याला उजेड, हवा आणि मातीचा वरवरचा स्पर्श लागतो, बोटाच्या पेराच्या अर्ध्यापेक्षा खोल गेलं की बऱ्याच जातींचं उगवतच नाही. तुम्ही ते मातीच्या लिंबाएवढ्या गोळ्यात मधोमध कोंबता. वर जूनमधली एक सर येते, गोळा भिजतो, बी फुगतं, कोंब काढतं आणि मग आपला सोलापुरी खंड सुरू होतो, तीन आठवडे पाऊस नाही, गोळा परत विटेसारखा कडक, कोंब आतच संपतो. आणि एका गोळ्यात दहा-बारा बिया असल्या तर त्या उगवल्या तरी एकमेकींच्या उरावर.

कुसळीचं बी बघा, त्याला निसर्गानं किती सोय दिलीये. ते टोकदार बी आणि त्याला लांब पिळदार शेपूट, जे आपल्या पायमोज्यात आणि मेंढीच्या लोकरीत घुसतं आणि आपण वैतागतो. रात्री दव पडलं की ते शेपूट उलगडतं, उन्हात परत पीळ घेतं, असं करत करत ते बी स्वतःला स्क्रूसारखं जमिनीत फिरवत नेतं. त्याला तुमच्या गोळ्याची काय गरज? उलट गोळ्यात त्याची सगळी यंत्रणाच बांधून टाकली जाते.

दुसरं म्हणजे ताजं बी लगेच उगवत नाही. कुसळीसारख्या गवतांचं बी काढल्यावर काही महिने झोपलेलं असतं, त्यामुळे दिवाळीच्या आसपास गोळा केलेलं बी कोरडं ठेवून पुढच्या जूनमधे वापरायचं असतं, आणि फार जुनं झालं तर ते मरतं. उन्हाळी, गोधडी यांच्या बियांचं कवच इतकं टणक की पाणी आत जात नाही, त्याला गरम पाण्याचा चटका द्यावा लागतो किंवा वाळूबरोबर घासावं लागतं, नाहीतर ते दोन-तीन वर्षांनी आपल्या सवडीनं उगवतं. सीडबॉलच्या मेसेजमधे यातलं एक अक्षर नाही. आणि 'रानफुलांचं मिक्स' म्हणून ऑनलाइन जे पाकीट मिळतं त्यात कॉसमॉस, झिनिया, असलंच सगळं.

आपलं बी हवं तर आपल्या माळाचंच हवं. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, मालदांडी ३५-१ ही ज्वारी मोहोळला इथल्याच ज्वारीतून निवडून काढलेली, म्हणून ती आपल्या काळ्या रानात हिवाळ्याच्या ओलीवर येते आणि अजून तिची भाकरी आपण खातो. रानगवताचं तसंच आहे. हिमाचलातून आणलेली कुसळी नावाला कुसळीच, पण तिला आपला खंड कुठं माहिती.

मग काय चालतं? आमच्याकडं जे चाललं ते सांगते. एक, मारवेल आणि पवन्याचे ठोंब. शेजारच्या बांधावरचा मोठा ठोंब उकरून त्याचे चार तुकडे करायचे, एक बांधावर परत लावायचा, तीन आपल्या पडीत, आणि हे चांगली ओल झाल्यावर, म्हणजे आपल्याकडं बऱ्याचदा ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात. दोन, जवळच्या चांगल्या माळावर परवानगीनं, बी पिकत आलं असताना थोडं गवत कापायचं आणि तसंच्या तसं, काड्यांसकट, आपल्या रानात पातळ पसरायचं. त्यात दहा-पंधरा जातींचं बी आपोआप येतं, काड्यांची सावली पण मिळते. तीन, नांगर नाही, फक्त दाताळ्यानं वरवर खरवडायचं आणि मग मेंढरं एकदा फिरवायची, त्यांच्या खुरानं बी दाबलं जातं. ही तिसरी गोष्ट आम्हाला एका धनगर काकूंनी सांगितली. त्या म्हणाल्या, "आवं बी टाकून वर कोण तुडवायचं नाय तर ते मुंग्याच न्हेणार की." अगदी बरोबर निघालं, जिथं मेंढरं फिरली नाहीत तिथं मुंग्यांच्या वारुळाभोवती बियांच्या टरफलांचे ढीग होते.

"जनावरं कायमची बंद करा"

यातला अर्धा भाग खरा आहे. नवीन लावलेल्या रानाला पहिली दोन वर्षं पावसाळ्यात राखावंच लागतं, नाहीतर ठोंब मुळासकट उपटून निघतात. आणि वर्षभर, बारा महिने, गावची सगळी जनावरं एकाच माळावर असली की तिथं पवन्या-मारवेल संपतात आणि जनावर तोंड लावत नाही ते तरवड आणि कुसळं वाढत जातात, हे पण सगळ्यांनी पाहिलंय.

पण 'कायमची' हा शब्द चूक आहे. गवताला कुणीच खाल्लं नाही, कापलं नाही, तर दोन-तीन वर्षांत वाळलेल्या काड्यांची गादी तयार होते, तिच्याखाली उजेड जात नाही आणि बुटकी फुलझाडं पहिली मरतात. हा माळ कधीच बिनखुराचा नव्हता, काळवीट होते, मागाहून मेंढरं आली. जुन्या लोकांची कुरण राखायची पद्धत आठवा, पावसाळ्यात बंद, बी पडून गेलं की विळ्यानं कापणी, आणि मग उरलेल्या काडीवर जनावरं सोडायची. आम्ही तेच करतो, दिवाळीनंतर कापतो, गवत मामाच्या गोठ्यात जातं, पौषात त्याच काकूंची मेंढरं पंधरा दिवस बसतात. त्यामुळे मामाला पण वाटतं की रान वाया गेलं नाही, आणि खरं सांगू का, त्याला चाऱ्याचा फायदा दिसला नसता तर त्यानं तिसऱ्या वर्षी तिथं तूर पेरली असती.

काटेरी तारेच्या कम्पाउंडबद्दल एकच, काळवीट पळताना अडकतं. बोराटीचा काटा टाका.

"मधे-कडेनं भरपूर झाडं लावा"

यावर फार लिहित नाही, पहिल्या मुद्द्यातच उत्तर आहे. माळाच्या झाडांना ऊन लागतं, सावलीत पवन्या विरळ होत जातो. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ लावलं की ते तिथंच थांबत नाही, आणि वेडी बाभूळ एकदा आली की कापली तरी बुडातून फुटते. नान्नजच्या अभयारण्यात सुद्धा माळावर ग्लिरिसिडिया लावलेला आहे, तिथं जाऊन एकदा झाडांखाली काय उगवलंय आणि शेजारच्या उघड्या गवतात काय उगवलंय ते शेजारी शेजारी बघा. झाडं लावायची तर सोलापूर शहरात लावा हो, विजापूर रोडला, होटगी रोडला, मे महिन्यात दुपारी तिथं माणूस भाजून निघतो, तिथं सावलीची खरी गरज आहे. माळावर आधीपासून एखादी बाभूळ, हिवर असेल तर ती असू द्या.

"एका पावसाळ्यात कुरण तयार"

आता आमच्या दोन एकरांचं काय झालं ते. पहिल्या पावसाळ्यात हिरवंगार झालं होतं. ग्रुपवर फोटो टाकला असता तर सगळ्यांनी टाळ्या दिल्या असत्या, मी टाकला नाही कारण त्यातलं बहुतेक सगळं गाजरगवत, एकदांडी आणि तरोटा होतं. दुसऱ्या वर्षी मारवेलनं जम बसवला, तो दांडगा आहे, पेरापेराला मुळं सोडत जातो. कुसळी तर न बोलावता आली, बांधावरून स्वतःच. तिसऱ्या वर्षी गोधडी आणि विष्णुक्रांता दिसली, गोधडीनं तर उघड्या मुरमावर चांगली चादर धरली आणि शेंगवर्गातली असल्यामुळे ती स्वतःचं नत्र स्वतः मिळवते, तिला शेणखताची गरजच नाही. यंदा सप्टेंबरात पवन्याच्या पंचवीस-तीस ठोंबांना तुरे आले आणि एका ठोंबाच्या बुडाशी चंडोलाचं घरटं होतं, मी लांबूनच बघून मागे फिरले.

म्हणजे काहीच होत नाही असं माझं म्हणणं नाही. मारवेल, कुसळी, अंजन, गोधडी, उन्हाळी, तुंबा, ही मंडळी चार-पाच वर्षांत येतात, आणि मोडलेल्या रानात ती आणणं हे करण्यासारखं काम आहे, चारा मिळतो, माती थांबते, पाखरं येतात. पण कंदवाली, कपारीतली, सावकाश वाढणारी, दुसऱ्याच्या मुळावर जगणारी झाडं आमच्याकडं चार वर्षांत एक पण आलेली नाही. भुईगेंद नाही, माकडशिंगी नाही, भुईचक्र नाही. त्या ३१ अभ्यासांत जे लिहिलंय ते मी आमच्या दोन एकरात डोळ्यांनी बघते.

मामाच्या बांधाला कधी नांगर लागलेला नाही, त्याच्या आज्याच्या काळापासून तो तसाच आहे. त्या बांधावर दर जूनमधे पहिल्या पावसानंतर रानकांदा फुलतो, पान यायच्या आधी नुसता दांडा आणि त्यावर फुलं. तिथून आमची पड सुरू होते ती बारा पावलांवर. दर वर्षी मी ती बारा पावलं वाकून तपासते, मामा बांधावर बसून विचारतो, "काय बघलालीस गं एवढं?" यंदाच्या जूनमधे पण बघितलं. बांधावर अकरा दांडे होते, पडीत एकही नाही.